अस्तित्ववाद : एकट्याचे तत्त्वज्ञान?

(प्रभादेवी येथील अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अस्तित्ववाद हा शब्द उच्चारला की चळवळीतल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. सुखवस्तू माणसाच्या वैफल्याचे तत्त्वज्ञान, असा शिक्का त्यावर फार पूर्वीच बसला. खुद्द ज्याँ पॉल सार्त्रला २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या जाहीर व्याख्यानात या आरोपाला उत्तर द्यावे लागले. कम्युनिस्ट त्याला निष्क्रियतेचा प्रचारक म्हणत होते, तर कॅथलिकांच्या मते त्याला माणसातले फक्त मालिन्य दिसत होते. मराठीत १९६० नंतरच्या नव्या लेखकांवरही असेच आरोप झाले. त्यांत तथ्य किती, हे साहित्य, धर्म आणि मानसशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत तपासणे समाजवादी कार्यकर्त्याला अगत्याचे आहे. कारण ज्या माणसाला संघटित करायचे, तो आधी एकटा असतो.

सार्त्रचा मूळ विचार अवघड नाही. सुरी घडवणाऱ्याच्या मनात सुरीचा उपयोग आधीच ठरलेला असतो; माणसाचे तसे नाही. तो आधी जगात येतो आणि मग आपल्या कृतींतून स्वतःला घडवतो. त्याचे सत्त्व जन्माने ठरत नाही. युरोपात हे विधान ईश्वरशास्त्राला आव्हान देणारे होते. महाराष्ट्रात ते थेट जातिव्यवस्थेवर येऊन आदळते. माणसाचे मोल, त्याचा धंदा आणि पंगतीतली त्याची जागा जन्माआधीच ठरवून टाकण्याचे काम जातीइतके चोख दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेने केलेले नाही.

साहित्यात याचा पडताळा १९६३ या एकाच वर्षात मिळतो. त्या वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही आला. अस्तित्ववादाची चर्चा झाली ती प्रामुख्याने ‘कोसला’भोवती. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर सगळ्याच व्यवहाराच्या अर्थाविषयी प्रश्न विचारतो आणि अखेर गावी परततो. त्याची व्यथा खोटी नाही. परंतु परतायला त्याला घर आहे, शेत आहे. बागुलांच्या कथेतल्या रेल्वे कामगाराला ती सोय नाही. तो फक्त माणूस म्हणून राहू पाहतो. त्यासाठी त्याला जात लपवावी लागते आणि ती उघड होताच मार खावा लागतो. ज्यूद्वेषावरील आपल्या १९४६ सालच्या पुस्तकात सार्त्रने दाखवले होते की, माणसावर ओळख लादली जाते ती समोरच्याच्या नजरेतून. त्या विचाराची मराठीतली जिवंत प्रचीती बागुलांच्या कथेत आहे. मग तिच्यावर कोणी अस्तित्ववादाचे लेबल लावलेले असो वा नसो.

धर्माच्या क्षेत्रात अस्तित्ववाद म्हणजे केवळ निरीश्वरवाद नव्हे. या परंपरेच्या उगमाशी उभा असलेला डेन्मार्कचा सोरेन किर्केगार्द हा श्रद्धावान ख्रिस्ती होता. त्याचे भांडण होते ते प्रस्थापित चर्चशी. बापजाद्यांकडून आलेली सवय म्हणजे श्रद्धा नव्हे; श्रद्धा हा भीती आणि अनिश्चितता पत्करून ज्याचा त्याने करावयाचा निर्णय आहे, असे त्याचे म्हणणे. याच प्रभादेवीत १८०१ साली बांधलेल्या सिद्धिविनायकाच्या देवळापुढे मंगळवारी रांग लागते. त्या रांगेतल्या माणसाची टिंगल करणे सोपे आहे आणि ते गैरही आहे. नोकरी, आजारपण, मुलाची परीक्षा ही त्याची चिंता खरी आहे. प्रश्न एवढाच की, नवस बोलताना तो आपला निर्णय देवावर सोपवतो, की निर्णयाचे बळ मागतो?

येथून जवळच दादरच्या किनाऱ्यावर चैत्यभूमी आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात धर्मत्यागाची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धर्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची आणि विचाराची होती. हा निर्णय बुद्धाच्या चिंतनातून आला, अस्तित्ववाद वाचून नव्हे. पण जन्माने मिळालेला धर्म नाकारून जाणतेपणी धर्म निवडणे आणि त्या निवडीत लाखोंनी सहभागी होणे, याहून मोठे उदाहरण युरोपीय अस्तित्ववाद्यांनाही क्वचितच सापडले असते.

मानसशास्त्रात व्हिएन्नाच्या व्हिक्टर फ्रँकल यांचे कार्य कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावे. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या या मनोविकारतज्ज्ञाने त्याआधीच, १९३३ साली, बेकार तरुणांच्या मनोविकाराविषयी लिहिले होते. काम नाही म्हणजे आपण निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे जगण्याला अर्थ नाही, अशी त्या तरुणांची समजूत झालेली होती. त्यांना युवक संघटना, वाचनालये यांत विनावेतन काम मिळाले तेव्हा पोट रिकामे असूनही त्यांची खिन्नता ओसरली. गिरणगावाला हे परके वाटू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. सांचेखात्यातल्या माणसाचा पगार गेला, आणि ‘मी कोण’ या प्रश्नाचे त्याच्याजवळचे उत्तरही गेले. अर्थात अर्थाने भाकरीची जागा भरून निघत नाही, आणि तसा दावा फ्रँकल यांनीही केला नाही. पण केवळ नुकसानभरपाईच्या हिशेबाने ही जखम मोजता येत नाही, हे मात्र त्यांच्यापासून शिकता येते.

मग उणीव कोठे आहे? ती सार्त्रलाच जाणवली होती. १९६० सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात तो पॅरिसमधल्या बसच्या रांगेचे उदाहरण देतो. सगळे एकाच ठिकाणी उभे, सगळ्यांची गरज एकच. तरी प्रत्येक जण एकटा आणि दुसऱ्याचा अडथळा. हीच माणसे समान धोका ओळखून एकत्र कृती करतात तेव्हाच रांगेचा समूह होतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. अरुंद पुलाचा त्रास तेथून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. पण प्रत्येकाला तो एकेकट्याने ठाऊक होता. पुढच्याच वर्षी स्थानकाला प्रभादेवी हे नाव मिळाले. नाव बदलल्याने रांगेचा समूह होत नाही.

म्हणून अस्तित्ववादाला पळपुटेपणा म्हणून झिडकारणे जितके चुकीचे, तितकेच त्याच्यावर थांबणेही अपुरे. माणूस जन्माने बांधलेला नाही, आपल्या निवडीची जबाबदारी त्याला टाळता येत नाही, एवढे तो निर्विवादपणे शिकवतो. त्या माणसाला रांगेतून समूहात आणण्याचे काम मात्र कोणतेही तत्त्वज्ञान करून देणार नाही. ते कार्यकर्त्यालाच करावे लागेल; आणि तेही त्याच्या एकटेपणाची कदर राखून.