संगणकातील खातेदारांची वही



सातबाऱ्याचा उतारा आपणांपैकी बहुतेकांनी हाताळला असेल. युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीतही खातेदारांची अशीच एक वही असते. 'ईटीसी' या कप्प्यात 'पासडब्ल्यूडी' या नावाने ती ठेवलेली असते. एका खातेदाराची एक ओळ, आणि त्या ओळीचे दोन उभ्या टिंबांनी तोडलेले सात रकाने : खात्याचे नाव, परवलीचा शब्द, खात्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, खातेदाराची माहिती, त्याचे घर म्हणजे कागद ठेवण्याची जागा, आणि शेवटी त्याच्या आज्ञा ऐकणारा कार्यक्रम. पाचव्या रकान्याला अजून 'जीकॉस' म्हणतात. बेल प्रयोगशाळेतली मंडळी ज्या यंत्राकडे छपाईची कामे पाठवीत, त्याच्या प्रणालीचे ते नाव. यंत्र गेले, नाव चिकटून राहिले!

गंमत आहे ती दुसऱ्या रकान्याची. वहीचे नाव परवलीच्या शब्दावरून, आणि आज तेथे पाहावे तर बहुधा नुसते 'एक्स' हे अक्षर. कारण ही वही सर्वांना वाचता यावीच लागते. यंत्र प्रत्येक कागदावर मालकाचा क्रमांक तेवढा लिहिते. नाव सांगायचे तर वही उघडणे आले. पूर्वी परवलीचा शब्द सांकेतिक रूपात याच उघड्या वहीत असे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉमसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ शब्दांची तपासणी दिली आहे; त्यांतले ८६ टक्के सहज हुडकता येण्याजोगे निघाले. पुढे नोव्हेंबर १९८८ मध्ये या मॉरिसांच्याच चिरंजीवांनी सोडलेला 'किडा' यंत्रायंत्रांतून ही वही वाचीत, खातेदाराचे नाव उलटसुलट करून पाहत आणि पदरचे ४३२ शब्द लावून पाहत हिंडला. सांकेतिक शब्द 'शॅडो' नावाच्या निराळ्या, बंद वहीत ठेवण्याची रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

सी भाषेत कार्यक्रम लिहिणाऱ्याला ही वही स्वतःच ओळीओळीने फोडून वाचण्याचा मोह होतो. तो आवरावा. मोठ्या संस्थांत पुष्कळसे खातेदार या वहीत नसतातच, ते दूरच्या यंत्रावर नोंदलेले असतात. 'गेटपीडब्ल्यूनॅम' या तयार कार्याला नाव सांगितले, की ते दोन्हीकडे धुंडाळून नोंद आणून देते.

मात्र ही नोंद ते आपल्या एकाच पाटीवर लिहून दाखवते. दुसरे नाव विचारले, की पहिले पुसले जाते! आम्हांला हे पाठ होते, तरी आम्ही फसलो. एका कार्यालयात सेवानिवृत्त गृहस्थांचे कागद नव्या माणसाकडे देऊन जुने घर पाडायचे होते. आम्ही आधी जुन्याची नोंद मागितली, मग नव्याची. दोन्ही निर्देशक त्या एकाच पाटीकडे बोट दाखवीत होते, आणि पाटीवर होता नवा माणूस. कार्यक्रमाने त्याचे कागद त्यालाच दिले आणि निमूटपणे त्याचेच घर पाडले.

पहिली नोंद लगेच उतरवून घेतली असती, किंवा नावापुढे 'आर' लावलेले भावंड वापरून त्याला आमची स्वतःची पाटी दिली असती, तर हे टळते. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून कागद परत मिळाले. ते नवे गृहस्थ मात्र पुढे महिनाभर आम्हांला चहाला विचारीनात.