तारुण्यपीटिका आणि त्वचेवरील सोबती

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील अभ्याससहलीत तंजावूर येथे मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज सकाळी आपण सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. तंजावूर म्हटले की आपल्याला बृहदीश्वराचे मंदिर आणि त्याच्या भिंतीवरील भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो. मी मात्र आज या नगरीच्या एका वेगळ्या वारशाविषयी बोलणार आहे आणि तो वारसा आपल्या नववी-दहावीच्या मुलांना रोज आरशासमोर छळणाऱ्या प्रश्नाशी जोडणार आहे. तो प्रश्न म्हणजे तारुण्यपीटिका. आपल्या घरगुती भाषेत मुरूम.

विषय किरकोळ वाटेल. परंतु मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून तो तसा दिसत नाही. उत्तम गाणारी एक विद्यार्थिनी चेहऱ्यावरच्या मुरुमांमुळे स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर यायला तयार होईना. एक मुलगा वर्गाच्या छायाचित्राच्या दिवशी हटकून गैरहजर राहत असे. ज्या वयात माणूस स्वतःला ओळखू लागतो, त्याच वयात त्याला स्वतःचा चेहरा नकोसा व्हावा, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या पूर्वजांनीही तिची दखल घेतली होती. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तरुणांच्या मुखावर येणाऱ्या या पुळ्यांचे वर्णन आहे. त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिलेली असून 'मुखदूषिका' असे नाव आहे. तारुण्याशी असलेला त्यांचा संबंध तेव्हाही ध्यानात आला होता. सूक्ष्मदर्शक यंत्र हाती आल्यावर पुढचे दार उघडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरुमांत एक सूक्ष्म जिवाणू आढळला. त्याला दीर्घकाळ 'प्रोपियोनिबॅक्टेरियम ॲक्निस' म्हणत. 2016 पासून त्याचे नाव 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस' असे झाले आहे.

आता नीट ऐका. हा जिवाणू बाहेरून आलेला चोर नाही. ज्यांच्या चेहऱ्यावर एकही मुरूम नाही, त्यांच्या त्वचेतही तो सुखाने नांदत असतो. केसाच्या मुळाशी जी बारीक नळी असते, तिथे प्राणवायू कमी आणि तेल भरपूर. हा जिवाणू त्या तेलावर जगतो, त्याचे विघटन करून मेदाम्ले तयार करतो आणि त्वचेची आम्लता टिकवायला मदत करतो. ही आम्लता काही उपद्रवी जंतूंना दूर ठेवते. म्हणजे तो एका परीने आपल्या वाड्यातील जुना बिऱ्हाडकरूच आहे.

मग बिघडते कुठे? पौगंडावस्थेत संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते. कोंडलेल्या तेलात जिवाणूंना अनुकूल परिस्थिती मिळते आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांच्यावर तुटून पडते. लाली, सूज आणि पू हे त्या झटापटीचे परिणाम. या जिवाणूच्या अनेक उपजाती आहेत. काही उपजाती मुरूम असलेल्यांच्या त्वचेवर अधिक आढळतात, तर काही निरोगी त्वचेवर. म्हणून आजचे संशोधन जिवाणूंच्या संख्येपेक्षा त्यांच्यातील समतोलाकडे अधिक पाहते.

यातून दोन गैरसमज आपोआप गळून पडतात. मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. काळ्या टोकाच्या पुळीचा काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतील रंगद्रव्याचा हवेशी संबंध आल्याने तो येतो. तेव्हा दिवसातून पाच वेळा साबणाने चेहरा रगडणाऱ्या मुलांनी हात आवरावा. सौम्य साबणाने दोनदा तोंड धुणे पुरे. लिंबू आणि दंतमंजनाचे प्रयोगही थांबवावेत; त्यांनी त्वचा भाजते. पुळी फोडू नये. तिचा व्रण राहतो.

उपचार काय, हे त्वचारोगतज्ज्ञाने ठरवावे. मी फक्त त्यांचे तत्त्व सांगते. 'बेंझॉइल पेरॉक्साइड' हे औषध प्राणवायू मुक्त करून जिवाणू कमी करते आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. त्याने टॉवेल व उशीचे अभ्रे पांढुरके पडतात, एवढे घरच्यांनी लक्षात ठेवावे. 'ॲडापेलिन'सारखी औषधे नळीच्या तोंडाचे बूच सैल करतात. प्रतिजैविके जिवाणूंना मारतात, पण ती एकटी आणि दीर्घकाळ वापरली तर जिवाणू निर्ढावतात. म्हणून ती बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि मर्यादित काळच द्यावीत, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. तीव्र मुरुमांसाठी असलेले 'आयसोट्रेटिनॉइन' तैलग्रंथींनाच आवर घालते. मात्र गर्भावस्थेत ते अत्यंत घातक असल्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊच नये.

पालकांनो, आता मी तुमच्याशी बोलते. आपल्या देशात एक अनिष्ट प्रथा पडली आहे. औषधाच्या दुकानात जाऊन 'चेहऱ्यासाठी काहीतरी द्या' म्हणायचे आणि हाती पडेल ती नळी वापरायची. पुष्कळदा तिच्यात स्टेरॉइड असते. चार दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळतो आणि ती नळी मैत्रिणींमध्ये फिरू लागते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, मुलींच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. नळी बंद केली की दाह उसळतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. हे एक व्यसनच. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला आणि 2018 मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत आणली. कायदा झाला, पण घरातील कपाटापर्यंत तो तुम्हीच पोहोचवू शकता. आज घरी गेल्यावर मुलांच्या नळ्यांवरील घटक वाचा.

आता तंजावूरकडे वळते. 1798 ते 1832 या काळात येथे राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनी 'धन्वंतरी महाल' उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे जाणकार तिथे एकत्र आले. औषधयोग पारखून घेतले गेले आणि त्यांचे संकलन 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या तमिळ ग्रंथांत पद्यरूपाने झाले. नेत्ररुग्णांची लक्षणे, त्यांच्यावरील उपचार आणि डोळ्यांची चित्रे यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. मराठी राजा, तमिळ ग्रंथ आणि युरोपीय शस्त्रक्रिया. ज्ञानाला त्यांनी कुंपण घातले नाही. मात्र पारखल्यावाचून काही स्वीकारले नाही आणि नोंदीवाचून काही सोडले नाही.

मुलांनो, हीच शिस्त तुम्ही आपल्या चेहऱ्याच्या बाबतीत पाळा. डॉक्टरांनी दिलेला एक उपचार सुरू करा. महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात छायाचित्र काढा. वहीत तारीख लिहा. मुरुमांच्या औषधाचा गुण दिसायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. आठवड्याला औषध बदलणाऱ्याला कशाचाच गुण कळत नाही. मोबाइलवर कोणी सुचवलेल्या उपायाला 'पारखले कोणी, नोंद कुठे आहे?' असे विचारायला शिका.

आणि एक विनंती वर्गातील सर्वांना. औषधाला बारा आठवडे लागतील. पण सोबत्याच्या चेहऱ्यावरून ठेवलेले टोपणनाव आजच, या क्षणी टाकून देता येते. घरातील आत्या-मावशींनीही भेटताक्षणी 'हे काय गं चेहऱ्यावर?' असे विचारणे सोडावे. त्या मुलीला ते आधीच ठाऊक असते.

साठ वर्षे आपल्या शाळेने मुलांना फळ्यावरचे वाचायला शिकवले. औषधाच्या नळीवरचे बारीक अक्षर वाचणे आणि माणसाच्या चेहऱ्यापलीकडचे माणूस वाचणे, हेही त्याच शिक्षणात येते.