किनाऱ्यावरची खानावळ आणि आपण कोल्हापूरकर



वसंत व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, इतिहास, राज्यकारभार असे भारदस्त विषय मांडण्याचा प्रघात आहे. तेथे आम्ही आज माशाचे ताट घेऊन उभे राहिलो, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. परंतु ज्या गावात तांबड्या-पांढऱ्या रश्शावरून घरोघर वाद रंगतात, त्या गावात जेवणाचा विषय हलका ठरणार नाही, असा आम्हांस भरवसा आहे.

आपण देशावरची माणसे. पूर्वी समुद्र आपल्याकडे यायचा तो सुक्या बोंबलाच्या आणि जवळ्याच्या रूपाने. आता आपणच समुद्राकडे जातो. पहाटे निघावे, राधानगरी, दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरावा, कणकवलीवरून मालवण गाठावे आणि दुपारी किनाऱ्यावरच्या एखाद्या साध्या खानावळीत जेवायला बसावे, हा आपल्यापैकी अनेकांचा नेम झाला आहे. समोर शिवछत्रपतींनी 1664 साली पाया घातलेला सिंधुदुर्ग. डोक्यावर माडाची सावली. ताटात उकड्या तांदळाचा भात, तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, तव्यावरची कुरकुरीत तुकडी आणि वाटीत सोलकढी. हे वर्णन आणखी लांबवले तर निम्मे सभागृह आताच उठून जाईल. म्हणून येथेच थांबतो.

अशाच एका खानावळीत आम्ही पाचसहा मित्र एकदा गेलो होतो. बसल्याबसल्या आम्ही फर्मावले, “काकी, सगळ्यांना सुरमई!” चुलीपाशी बसलेल्या वृद्ध बाईंनी मान वर केली आणि शांतपणे म्हटले, “सुरमय आज गावूक नाय, पावण्यांनू. बांगडो आसा, सकाळच्या रापणीचो.” आमच्यातील एकाचे तोंड उतरले. “एवढा घाट उतरून आलो आणि बांगडा?” असे तो बोलूनही गेला. बाई काही बोलल्या नाहीत. बांगडा आला, आम्ही खाल्ला, आणि तोच मित्र दुसऱ्यांदा भात मागू लागला! परंतु परतीच्या वाटेवर, घाट चढताना, आमच्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. समुद्राने आज काय दिले हे न विचारता, आम्हांला काय हवे ते आम्ही आधी सांगितले. हा अधिकार आम्हांस कोणी दिला?

रापण म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंना रांगेने उभी राहिलेली माणसे ते ओढून घेतात. जे गावेल त्याचे वाटे होतात. हे एकट्याचे काम नव्हे; गावाचे सहकारी काम आहे. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला त्याचे मोल निराळे सांगायला नको. रापणीत येतो तो बांगडा, तारली असा किनाऱ्यालगतचा मासा. मोठ्या यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी अख्खा थवाच्या थवा वेढून उचलू लागली, तेव्हा किनाऱ्याशी यायला मासा उरेना, अशी या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार झाली. 1981 साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. 2016 साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून तिची मुदत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवण्यात आली. तंटा मात्र कागदाने संपत नसतो.

आपण म्हणाल, हा मच्छीमारांचा आणि सरकारचा प्रश्न. त्यात जेवणाऱ्याचा काय संबंध? संबंध ताटातच आहे. दहा पाहुण्यांनी सुरमई आणि पापलेटच मागितले, तर खानावळवाली ते दूरच्या बंदरातून, बर्फातून आणील. आणि दाराशी आलेल्या ताज्या तारलीला भाव मिळणार नाही. दुसरे असे, की ताटात अख्खे मावणारे लहानसे पापलेट आपल्याला फार आवडते. ते पोर आहे, त्याने अजून अंडी घातलेली नाहीत, हे आपल्या गावी नसते. 2023 साली याच पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटाची ती 135 मिलिमीटर आहे, म्हणजे पुरती वीतही नव्हे. तेवढाही धीर आपल्याला नसावा काय?

पैसे मोजल्यावर हवे ते मागू नये का, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचे उत्तर आपल्याच शिवारातले आहे. हुरडा आपण आषाढात मागतो काय? गुऱ्हाळावरची ताजी काकवी श्रावणात मागतो काय? शेताचा हंगाम आपण जाणतो, कारण शेत आपण पाहिले आहे. समुद्राचाही हंगाम असतो. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात अनेक जातींचे मासे अंडी घालतात. सरकारी नियमाच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात होड्या लोटण्याची रीत कोळ्यागाबितांनी पाळली. आपण मात्र जुलैच्या भर पावसात जाऊन “ताजी सुरमई आहे ना?” असे दरडावून विचारतो!

म्हणून आमची विनंती लहानशी आहे. पुढच्या खेपेस किनाऱ्यावरच्या खानावळीत बसाल, तेव्हा प्रथम एवढेच विचारा, “काकी, आज काय गावलं?” जे आले असेल ते आनंदाने खा. या एका प्रश्नाने समुद्र वाचेल, असे आम्ही म्हणत नाही. पण घरी आलेला पाहुणा आणि हुकूम सोडणारे गिऱ्हाईक यांत जो फरक आहे, तो या प्रश्नात आहे. आपण कोल्हापूरकर पाहुणचारात कोणाला हार जात नाही. पाहुणा होण्यातही मागे राहू नये.