न मळलेला पाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या पावाबद्दल चार शब्द बोला." मी सातवी शिकलेली. या व्यासपीठावर आजवर हळदीकुंकवाचे तबक घेऊन तेवढी चढले आहे. तेव्हा चुकलेमाकलेले सांभाळून घ्या.

दोन वर्षांमागे मोरीत पाय घसरून माझे उजवे मनगट मोडले. प्लास्टर दीड महिन्याने निघाले. पण कणीक मळायला घेतली की खांद्यापर्यंत कळ जाई. घरात कोणी शब्दाने बोलले नाही. पोळ्या बाहेरून येऊ लागल्या, आणि मला माझेच स्वयंपाकघर परक्याचे वाटू लागले. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांनाच ते कळेल.

अशात भाचीने या पावाची कृती सांगितली. न्यूयॉर्कचे एक बेकरीवाले, जिम लेही, यांची ही रीत. २००६ सालच्या नोव्हेंबरात मार्क बिटमन यांनी ती 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये दिली आणि ती घरोघर गेली. तिच्यात मळणे मुळीच नाही! मनुका-अक्रोड मात्र आम्ही घातले.

तीन वाट्या मैदा (मी एक वाटी कणीक घालते), सव्वा लहान चमचा मीठ आणि कोरडे यीस्ट फक्त पाव चमचा. अर्धी वाटी मनुका, अर्धी वाटी अक्रोडाचे तुकडे. हे सगळे कोरडेच मिसळून दीड वाटी पाणी घालायचे आणि चमच्याने कालवायचे. पीठ हाताला चिकटेल इतके सैल हवे. झाकून ठेवायचे बारा ते अठरा तास. उन्हाळ्यात आठ-दहातही फुगते. वर बुडबुडे दिसले की झाले. इडलीचे पीठ आंबवणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय? मळून जे साधते तेच इथे पाणी आणि वेळ करतात. पीठ मुरता मुरता गव्हातला चिवटपणा आपोआप जुळून येतो.

मग पीठ पसरलेल्या ओट्यावर काढून चारी बाजूंनी दुमडायचे, आणि भरपूर पीठ लावलेल्या फडक्यात दीड-दोन तास झाकून ठेवायचे. वर आलेल्या मनुका आत दाबाव्यात, नाहीतर त्या जळून कडू होतात. विजेच्या भट्टीत जाड बिडाचे भांडे झाकणासकट अर्धा तास २३० अंशांवर तापवायचे. पीठ त्यात अलगद सोडून झाकण ठेवून अर्धा तास, झाकण काढून पंधरा-वीस मिनिटे. झाकणामुळे पिठाचीच वाफ आत कोंडते, म्हणून वरचे कवच लवकर वाळत नाही आणि पाव फुगतो. भांडे विस्तवासारखे तापलेले असते. जाड कापडाशिवाय हात लावू नका. मी एकदा लावला आहे.

माझा पहिला पाव फुकट गेला. पाव चमचा यीस्टने काय होणार, म्हणून मी एक चमचा घातले. सकाळी पीठ भांड्याबाहेर, आणि दारूसारखा वास! दुसरा चांगला झाला, पण गरमच कापला, तो आत लिबलिबीत. तासभर निवू द्यावाच लागतो.

पण खरी परीक्षा सासूबाईंची. त्यांनी जन्मात पाव तोंडात घातला नव्हता. "पायांनी तुडवतात तो," हे लहानपणापासून मनात बसलेले. मी म्हटले, "आई, याला पाय नाही लागत, आणि हात तर माझा चालतच नाही." त्या माझ्या मनगटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आण एक तुकडा." कवच त्यांना चावेना, आतला मऊ भाग दुधात बुडवून खाल्ला आणि अक्रोड वेचून नातवाला दिले. पुढच्या खेपेपासून अक्रोड मी बारीक चिरते.

पोळ्या अजून बाहेरूनच येतात. पण रात्री दिवा मालवण्याआधी सासूबाई विचारतात, "पीठ कालवलंस का गं?"

आज दोन पाव आणले आहेत. दातेरी सुरी चिटणीसबाईंकडे आहे.