जुनी विमानं उडवावीत का?

वेरूळला जपणुकीच्या दोन तऱ्हा शेजारी दिसतात. कैलास लेणं पुरातत्त्व खात्यानं जसंच्या तसं राखलंय. घृष्णेश्वर मात्र नांदतं देऊळ, म्हणून अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. जुन्या लष्करी विमानांपैकी निदान काहींना ही दुसरी तऱ्हा लाभावी. विमान उडतं ठेवायचं तर त्याचं इंजिन खोलणारे, पत्रा ठोकणारे हातही तयार ठेवावे लागतात. काचेआड ते कसब उरत नाही. आणि नुसतं उभं ठेवून तरी काय वाचतं? मुंबईत २०१२ पर्यंत संग्रहालय असलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये भंगारात निघाली. उलट, मोडीतून उचललेलं एक डाकोटा विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत भारतात आलं, हवाई दलात ‘परशुराम’ झालं.

कुणी म्हणेल, काश्मीर युद्धात २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक नेणारं डाकोटा हे नव्हेच, फक्त क्रमांक त्याचा. खरंय, पण उड्डाणाची रीत तर तीच आहे! धोक्याचा आक्षेप अधिक वजनदार. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलसला दोन जुनी लष्करी विमानं हवेत आदळली, सहा जण गेले. म्हणून जगात एकच उरलेलं विमान उडवूच नये, बाकीची गर्दीपासून दूर उडवावीत. थांबायचं कधी, हेही ठरलेलं हवं. लोकवर्गणी आणि स्वयंसेवकांच्या बळावर २००७ पासून पुन्हा उडणारं ब्रिटनचं व्हल्कन बॉम्बर, तांत्रिक पाठबळ देणाऱ्या कंपन्यांनी हात काढून घेताच २०१५ मध्ये जमिनीवर उतरवलं गेलं.