पैशाची इंग्रजी



१९४८ पर्यंत आपले किनवट निजामाच्या राज्यात होते आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा हे शब्द तर त्याही आधी अरबी-फारसीतून आले. आज ते परके वाटतात काय? ज्या शब्दावाचून अडते, तो आपण घरचा करतो. इंग्रजी शब्दांचेही तसेच व्हावे.

शाळेने मला थोडे शिकविले, वाटाघाटींनी पुष्कळ. समोर बॅलन्स शीट, म्हणजे ताळेबंद येई. सोबतच्या नफातोट्याच्या पत्रकात 'डेप्रिसिएशन' असे. कोशात अर्थ सापडला : घसारा. तेवढ्याने भागेना. यंत्र झिजते, म्हणून त्याच्या किमतीचा भाग दरवर्षी खर्चात धरतात. त्यापोटी त्या वर्षी रोकड कोणालाच जात नाही. नफा मात्र कमी दिसतो. १९६५ च्या बोनस कायद्यात ढोबळ नफ्यातून घसारा, कर इत्यादी वजा जाता उरे ते 'अ‍ॅव्हेलेबल सरप्लस'. त्याचे शेकडा ६० किंवा ६७ म्हणजे 'अ‍ॅलोकेबल सरप्लस'. किमान बोनसाहून अधिक मागायचे, तर बोट या शब्दांवरच ठेवावे लागे.

म्हणून याद्या पाठ करू नका. पगाराची चिठ्ठी घ्या, पासबुक घ्या. पासबुकातले 'क्रेडिट' ही आपली जमा. बँकेच्या दृष्टीने तेच तिचे देणे. प्रत्येक शब्दाला विचारा : पैसा कोणाकडून कोणाकडे गेला? उत्तर मराठीत सांगता आले, की शब्द आला. अर्थ न कळता इंग्रजीत सही करणारा अंगठेबहाद्दराच्या फार पुढे गेलेला नाही.