पत्रातली कोरी चौकट



शाळेत परीक्षेच्या वेळापत्रकाचे ईमेल येते. मजकूर स्वच्छ दिसतो, पण वेळापत्रकाच्या जागी नुसती कोरी चौकट! गुरुजी म्हणतात, "संगणक बिघडला." बहुधा तसे नसते.

ईमेलात चित्र दोन तऱ्हांनी येते. एक, पत्रासोबतच, पाकिटात घातलेल्या फोटोसारखे. १९९२ साली 'माइम' ही पद्धत ठरल्यापासून ही सोय रुळली. दुसऱ्या तऱ्हेत पत्रात चित्राचा केवळ पत्ता असतो. चित्र दूरच्या संगणकावरून मागवावे लागते. ते मागवले, की आपण पत्र उघडले हे पाठवणाऱ्याला कळू शकते. काही जण त्यासाठीच डोळ्यांना न दिसणारे, ठिपक्याएवढे चित्र पत्रात ठेवतात. म्हणून आउटलुकसारखी साधने बाहेरचे चित्र दारातच थोपवतात. जीमेल २०१३ पासून अशी चित्रे सहसा आपणहून दाखवते. पण 'आधी विचारा' ही सोय तिथेही आहे.

तेव्हा प्रथम पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा, नुसते नाव नव्हे. खात्री पटली, तर पत्राच्या वरच्या बाजूला असलेल्या 'चित्रे दाखवा' या सूचनेवर टिचकी मारा. तरी दिसेना, तर इंटरनेट तपासा. तेही ठीक असेल, तर मूळ चित्रच काढलेले असू शकते. पत्रासोबत जोडून पुन्हा मागवा. माणूस अनोळखी असेल, तर मात्र चौकट कोरीच बरी!

आणि गुरुजी, आपण पालकांना कळवाल तेव्हा तारखा चित्रात कोंडू नका, अक्षरांत लिहा. अक्षरे कोणी अडवीत नाही.